मिठाच्या मुलखातील बोगदे



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते, त्यांच्या वर्गात भूगोल शिकण्याचे भाग्य लाभलेल्यांपैकी मी एक आहे, आणि या व्यासपीठावर उभा राहताना मला प्रथम आठवतो तो त्यांचा खडूने पांढरा झालेला अंगठा. नकाशा काढायला सांगितला की आम्ही मुले डोंगर मोठ्या हौसेने काढीत असू, त्यांना हिरवातपकिरी रंग देऊन माथ्यावर बर्फही ठेवीत असू. आणि गुरुजी त्या रंगवलेल्या डोंगरावर तो अंगठा टेकवून दोन प्रश्न विचारीत. या डोंगराच्या पोटात काय आहे? आणि याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांची चूल कशावर पेटते? त्या दोन प्रश्नांची उत्तरे आली नाहीत तर नकाशा कितीही देखणा असला तरी तो अपुरा ठरे. आज मी ज्या डोंगरांविषयी बोलणार आहे त्यांच्याकडे जाताना हेच दोन प्रश्न मी बरोबर नेले होते.

ऑस्ट्रियाच्या झाल्त्सकामरगुट या प्रदेशात मी दोन वेळा गेलो. पहिल्या खेपेस एका सहलमंडळीबरोबर गेलो होतो. हालश्टाटच्या सरोवराकाठी आम्हाला दीड तास मोकळा मिळाला, पाण्यात उलटे उमटलेले चर्चचे शिखर पाहून सगळेच हरखले, मीही हरखलो, आणि त्या हरखण्यात खोटे काही नव्हते असे मी आजही म्हणेन. आपल्याकडील कित्येक कुटुंबे आता त्या बाजूला जातात. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या चित्रपटातले लग्न ज्या चर्चमध्ये लागते ते मोंडझेचे चर्च याच प्रदेशाच्या कडेला आहे, हे त्यांना वाटाड्या सांगतो. मात्र त्या सरोवरापासून फार दूर नसलेल्या एबेनझे या गावाचे नाव आमच्या वाटाड्याच्या तोंडून आले नाही, आणि मीही विचारले नाही. पुढे वाचनात ते नाव आले, तेव्हा आपण एका सुंदर दालनात जाऊन आलो खरे, पण त्याच घराच्या तळघराच्या दारावरून आपण तसेच पुढे आलो, ही रुखरुख लागली. आणि काही वर्षांनी केवळ त्या गावासाठी मी पुन्हा निघालो.

नावापासूनच आरंभ करतो, कारण या मुलखाचा सारा इतिहास त्याच्या नावात मुरलेला आहे. झाल्त्स म्हणजे मीठ, आणि कामरगुट म्हणजे ज्याचे उत्पन्न थेट सम्राटाच्या खजिन्यात जमा होते असा मुलूख. आपल्या जुन्या दप्तरांच्या भाषेत सांगायचे तर मिठाचा खालसा मुलूख. मिठावर सरकारचा मक्ता असणे म्हणजे काय, हे ज्यांच्या वाडवडिलांनी १९३० साली शिरोड्याच्या मिठागरावर मूठभर मिठासाठी लाठ्या खाल्ल्या त्यांना मी वेगळे सांगावयास नको. आपले मीठ समुद्राने दिलेले, तिथले डोंगराच्या पोटातले; खाणीत पाणी सोडून खडकातले मीठ विरघळवायचे, ते खारे पाणी बाहेर आणून उकळायचे आणि कढईच्या तळाशी राहील ते तराजूत घालायचे, अशी ती रीत. उकळण्यास लाकूड लागे, आणि हालश्टाटच्या आसपासचे रान जेव्हा पुरेनासे झाले, तेव्हा १५९५ ते १६०७ या काळात सुमारे तेरा हजार झाडांची खोडे आतून कोरून, एकास एक जोडून, चाळीस किलोमीटर लांबीची नळवाट एबेनझेपर्यंत नेण्यात आली, आणि ते गाव मिठाच्या भट्ट्यांचे गाव झाले. म्हणजे डोंगराला भोक पाडून त्याच्या पोटातले काढून घेणे, त्यासाठी माणसे राबवणे आणि त्या सगळ्याचा हिशेब वरिष्ठ दप्तरी पाठवणे, ही विद्या त्या मुलखाला तीनशे वर्षे अवगत होती.

मग एकोणिसाव्या शतकात सौंदर्याचा शोध लागला. याच मुलखातील इशल गावच्या वैद्यांनी खाऱ्या पाण्याचे स्नान आरोग्यदायी ठरवले. अपत्य होत नाही म्हणून आर्चडचेस सोफी तिथे स्नानास गेली, आणि १८३० साली तिला झालेला मुलगा पुढे सम्राट फ्रान्त्स योझेफ झाला. ‘मिठाचे राजपुत्र’ हे त्याला आणि त्याच्या भावंडांना लोकांनी दिलेले नाव. सम्राटाची सोयरीक इशललाच ठरली, जवळजवळ प्रत्येक उन्हाळा त्याने तिथेच काढला, आणि त्याच्यामागून कवी, गवई, सावकार, डॉक्टर, व्हिएन्नातील सुखवस्तू ज्यू कुटुंबे, सारे त्या सरोवरांकाठी बंगले बांधून राहू लागले. सम्राटाचा तो बंगला, ती बाग, ते हरणांच्या शिंगांनी भरलेले दिवाणखाने मी पाहिले. आणि त्याच बंगल्यातील टेबलावरून २८ जुलै १९१४ रोजी त्या वृद्ध सम्राटाचा सर्बियाविरुद्धच्या युद्धाचा, ‘माझ्या प्रजाजनांस’ या मथळ्याचा जाहीरनामा निघाला. खिडकीबाहेर तेव्हाही चेस्टनटची झाडे असतीलच. १९३८ साली ऑस्ट्रियावर हिटलरचा अंमल बसला तेव्हा त्या ज्यू कुटुंबांचे बंगले हिसकावून घेण्यात आले, आणि ज्या गावात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळे काढले होते तिथे त्यांना मज्जाव झाला. फ्रान्त्स लेहारच्या संगीतिकांसाठी शब्द लिहिणारा फ्रित्स ल्योनर-बेडा डिसेंबर १९४२ मध्ये आउश्वित्झला मारला गेला. लेहारचे घर इशलमध्ये नदीकाठी आजही आहे, आणि प्रवासी ते पाहायला रांगेत उभे राहतात.

आता एबेनझे. आट्नांग-पुखहाइम जंक्शनावर गाडी बदलून १८७७ सालच्या त्या लोहमार्गाने निघालो की ग्मुंडेननंतर ट्राउनझे सरोवर लागते. एका बाजूला पाणी, समोर ट्राउनश्टाइनचा उभा कडा, आणि गाडी खडकाला अंग घासून लहानमोठ्या बोगद्यांतून जाते. त्या सकाळी पाणी इतके निश्चल होते की डब्यातली दोन लहान मुलेसुद्धा बोलायची थांबली. सरोवराच्या दक्षिण टोकाला एबेनझे आहे. तिथून डोंगराच्या दिशेने तासाभराची पायपीट केली की ज्यांच्यासाठी मी आलो होतो ते बोगदे लागतात.

ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी बाल्टिक किनाऱ्यावरील पेनेम्युंडे येथील अग्निबाणांच्या कारखान्यावर बॉम्बफेक केली, आणि ते काम विमानांच्या दृष्टीआड, जमिनीखाली हलवण्याचा हुकूम सुटला. त्यासाठी जागा हवी होती ती कशी? टणक चुनखडीचा खडक असावा, रेल्वे जवळ असावी, दरी अरुंद असावी, वर दाट रान असावे म्हणजे आकाशातून काही दिसू नये, आणि खोदकामाची सवय असलेला मुलूख असावा. श्रोतेहो, ही यादी जरा मनात पुन्हा वाचून पाहा. अरुंद दरी, उभे कडे, पाण्यापर्यंत उतरलेले रान, कड्याला लगटून जाणारी आगगाडी. पर्यटकांच्या पुस्तिकेतही हेच शब्द आहेत. ‘एवढ्या रम्य ठिकाणी असे भयंकर कृत्य कसे झाले’ हा उद्गार मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, पहिल्याने तो माझ्याही मनात आला होता. परंतु तो उद्गार चुकीचा आहे असे माझे ठाम मत झाले आहे. ते कृत्य त्या रम्यतेला न जुमानता झाले नाही. ज्या गुणांमुळे ती दरी रम्य आहे त्याच गुणांसाठी तिची निवड झाली.

१८ नोव्हेंबर १९४३ रोजी माउटहाउझेन छळछावणीतून पहिली कैद्यांची तुकडी एबेनझेला आली. सरकारी कागदांत या उपक्रमाचे सांकेतिक नाव होते ‘सिमेंट’. रानातली झाडे शक्य तितकी तशीच ठेवून त्यांच्या सावलीत बराकी उभ्या केल्या गेल्या. पोलंड, सोव्हिएत रशिया, फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस, आणि पुढे हंगेरीतील ज्यू, असे सुमारे सत्तावीस हजार लोक त्या छावणीतून गेले. १९४५ च्या एप्रिलमध्ये एका वेळी अठरा हजारांहून अधिक तिथे होते. पायात लाकडी खडावांसारखे जोडे, अंगात पट्ट्यापट्ट्यांचे पातळ कापड, पोटात बटाट्याच्या सालींचे पाणी आणि पावाचा तुकडा, आणि हातात खडक फोडण्याचे यंत्र. आठ हजारांहून अधिक माणसे तिथे मेली, त्यांतला फार मोठा भाग शेवटच्या काही महिन्यांत, जेव्हा दहनभट्टीला प्रेते आटोपेनात आणि मग खड्डे खणावे लागले. आणि ज्यासाठी हे सारे चालले होते ते अग्निबाणाचे काम त्या बोगद्यांत कधी आलेच नाही! तिथे शेवटी खनिज तेल शुद्ध करण्याची यंत्रे बसली आणि वाहनांच्या इंजिनांचे भाग तयार झाले.

एक बोगदा आज प्रेक्षकांसाठी उघडा आहे. जुलैच्या उन्हातून मी आत गेलो आणि दहा पावलांत अंगावर शहारा आला. आत बारा महिने आठ अंशांच्या आसपास थंडी असते. प्रवेशाशी तो साधा असतो, मग अचानक उंच होतो, एखाद्या लेण्याच्या सभामंडपासारखा, आणि आपल्याकडची लेणी पाहिलेल्या माणसाचा हात नकळत भिंतीकडे जातो, छिन्नीची खूण चाचपायला. खूण होती. पण लेण्यात छिन्नीच्या रेघा एका दिशेने, एका लयीत चालतात, कारागीर कुठे थांबला आणि कुठे पुन्हा सुरू झाला ते कळते. इथे सुरुंगाने उडालेल्या खडकाचे वेडेवाकडे धारदार कंगोरे होते आणि त्यांच्या मधोमध, बोटभर रुंदीची, वीतभर लांबीची एक गुळगुळीत पन्हळ, म्हणजे सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची उरलेली अर्धी भिंत. तिच्यात बोट बरोबर बसले. ते भोक ज्याने पाडले तो यंत्र छातीने रेटून उभा असणार, कारण पन्हळ माझ्या छातीच्याच उंचीवर होती. वरून पाणी ठिबकत होते. त्या माणसाचे नाव कुठेतरी एखाद्या यादीत असेल. त्याच्या हाताचे हे एवढे मोजमाप खडकाने ठेवले आहे.

आता ५ मे १९४५ या दिवसाकडे वळतो, आणि इथे थोडा अधिक वेळ घेतो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे या साऱ्या मुलखाची कथा त्या एका दिवसात येऊन मिळते.

एबेनझेच्या दक्षिणेस, डोंगर ओलांडून वीस किलोमीटरांच्या आत, आल्ताउसे येथे मिठाची मोठी खाण आहे. युद्धाच्या उत्तरार्धात हिटलरच्या माणसांनी युरोपभरातून लुटलेली आणि संग्रहालयांतून हलवलेली चित्रे तिथे साठवली होती, कारण मिठाच्या खाणीतली हवा कोरडी आणि तापमान स्थिर. साडेसहा हजारांहून अधिक चित्रे. त्यांत गेंटच्या वेदीचित्राचे फलक होते, व्हर्मीरची चित्रे होती, आणि त्यांच्याबरोबर मायकेलअँजेलोने घडवलेली ब्रुगची संगमरवरी माता होती. तिथला प्रांताधिकारी आउगुस्ट आयग्रूबर याने, शत्रूच्या हाती काही पडू नये म्हणून, एप्रिलमध्ये आठ पेट्या खाणीत आणवल्या. प्रत्येकीवर ‘सावधान, संगमरवर’ असे लिहिलेले आणि प्रत्येकीत पाचशे किलोचा विमानबॉम्ब. खाणकामगारांना हे कळले. खाण उडाली असती तर चित्रांबरोबर त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रोजीही गाडली गेली असती. गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. मे महिन्याच्या आरंभी एका रात्रीत त्यांनी त्या पेट्या बाहेर काढून झाडांखाली ठेवल्या, आणि ५ मे रोजी बेताचे सुरुंग लावून खाणीची तोंडे बुजवली, म्हणजे आत कोणाला जाता येऊ नये. चित्रे वाचली. या घटनेवर पुस्तके झाली, चित्रपट झाले.

त्याच ५ मेच्या दिवशी एबेनझेच्या हजेरीच्या मैदानावर छावणीचा अधिकारी आंटोन गान्त्स याने कैद्यांना एकत्र केले. अमेरिकन फौज जवळ आली आहे, इथे लढाई होईल, तुमच्या जिवाच्या सुरक्षिततेसाठी तुम्ही बोगद्यात जावे, असे त्याने सांगितले. बोगद्यात स्फोटके ठेवल्याची वार्ता कैद्यांच्या गुप्त समितीला लागलेली होती. या समितीत द्राहोमीर बार्ता हा चेक तरुण होता. छावणीच्या कचेरीत तो कारकुनी करी आणि जिवावर उदार होऊन रोजनिशी लिही. फ्रेंच लेखक झां लाफित होता. रात्रभर बराकीबराकींतून निरोप फिरला होता. आणि गान्त्सचे बोलणे त्या त्या भाषेत सांगून संपताच, जी माणसे इतके महिने हुकूम मानल्यावाचून जगू शकली नव्हती, त्या हजारो माणसांनी आपापल्या भाषेत ‘नाही’ म्हटले. जी भाषा केवळ रात्री फळीवर कुजबुजायची होती, ती प्रत्येकाची स्वतःची भाषा त्या दिवशी मैदानावर मोठ्याने उच्चारली गेली. गान्त्स पुढे काही करू धजला नाही. तो आणि त्याचे शिपाई निघून गेले. दुसऱ्या दिवशी, ६ मे रोजी दुपारी, अमेरिकन रणगाडे फाटकातून आत आले. त्या गान्त्सला शिक्षा झाली ती १९७२ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी.

एकाच दिवशी, एकाच डोंगररांगेत, दोन भुयारे. दोन्हींत स्फोटके होती. पहिल्यातली संगमरवरी माता जगाला ठाऊक आहे. दुसऱ्यात ज्यांना कोंडायचे होते ती जिवंत माणसे सोळा हजारांच्या घरात होती, आणि त्यांच्या त्या एका शब्दाविषयी, एखादी पुस्तिका सोडली तर, प्रवाशाला काही सांगितले जात नाही. चित्रे वाचली याचा मला मनापासून आनंद आहे. मी स्वतः गेंटला त्या फलकांपुढे उभा राहिलो आहे. परंतु आपण काय लक्षात ठेवतो आणि कशाची गोष्ट मुलांना सांगतो, या निवडीला काही जाब द्यावा लागतो, आणि तो जाब मी स्वतःलाही विचारतो आहे.

बनावट नोटांची हकीकत मी ओझरती सांगतो, कारण ती रंजक असल्याने सर्वत्र सांगितली जातेच. ब्रिटनचे चलन मोडण्यासाठी खोटे पौंड छापण्याच्या कामी जुंपलेले सुमारे १४० ज्यू कारागीर शेवटी एबेनझेलाच आणले गेले आणि तिथेच सुटले. त्या नोटांच्या पेट्या जवळच्या टोप्लिट्झे सरोवरात बुडवल्या होत्या, त्या १९५९ साली पाणबुड्यांनी वर काढल्या. तेव्हापासून लोक त्या सरोवराकडे खजिन्याच्या आशेने जातात.

मात्र ज्यांचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही अशी माणसे त्याच मुलखातली होती. झेप प्लीझाइस हा इशलजवळचा कामगार, स्पेनच्या यादवीत लढलेला, दाखाउत डांबलेला. १९४३ मध्ये हालाइनच्या छावणीतून तो निसटला तो आग्नेस प्रिमोचिच या स्त्रीच्या साहाय्याने, आणि डोंगरावर फरारी सैनिकांचा एक गुप्त अड्डा त्याने उभा केला. त्या अड्ड्याला अन्न पोचवण्याचे काम रेझी पेझेंडोर्फरसारख्या गावातल्या बायका करीत. एखाद्या घराच्या कोठारातून चार भाकऱ्यांचे पीठ जास्त गेले तरी शेजाऱ्याच्या लक्षात यावे असे ते दिवस. तशा दिवसांत पाठीवरच्या टोपलीत पाव लपवून बर्फातून चढणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्याकडच्या डोंगरकपारीतल्या बायकांना कदाचित सर्वांत लवकर येईल.

युद्ध संपल्यावर छावणीच्या बराकी गेल्या. गावाला घरे हवी होती, जागा सपाट होती, रस्ते आयते होते. तिथे वसाहत उभी राहिली. दगडी कमानीचे छावणीचे फाटक मात्र राहिले. मी गेलो तेव्हा त्या कमानीतून रस्ता सरळ जात होता, दोन्ही अंगांना नीटस घरे, खिडक्यांत लाल जिरेनियम, एका कुंपणाला टेकवलेली लहान मुलाची सायकल. फाटकापासून थोडे पुढे कबरस्तान. मिलानच्या एका उद्योगपतीचा, रोबेर्तो लेपेतीचा, या छावणीत अंत झाला. त्याच्या विधवेने १९४८ मध्ये सामुदायिक कबरींच्या जागी स्मारक उभारले, आणि ते स्मारक तिथे नसते तर बहुधा त्या खड्ड्यांवरही घरे झाली असती. भिंतीशी नातलगांनी लावलेल्या छोट्या पाट्या आहेत, काहींवर चिनी मातीत भाजलेले फोटो. एका पाटीवरचा इटालियन तरुण छायाचित्रकाराच्या दुकानात बसलेला. टायची गाठ घाईने बांधलेली, एका बाजूला जराशी कललेली. त्या पाट्यांपुढे मी पाऊण तास होतो.

विसरणे हे केवळ वयाचे काम आहे असे कोणी समजू नये. मे २००९ मध्ये, स्मरणदिनाच्या वेळी, काही स्थानिक पोरांनी तोंडे झाकून त्या बोगद्यापाशी आलेल्या परदेशी पाहुण्यांवर खेळण्यातल्या बंदुकीच्या गोळ्या झाडल्या आणि नाझी घोषणा दिल्या. ती सारी कुमारवयीन मुले होती. वाचलेले जे वृद्ध कैदी त्या समारंभास आले होते त्यांना ऐंशीपुढच्या वयात, त्याच डोंगराखाली, त्याच घोषणा पुन्हा ऐकाव्या लागल्या. गावातल्या अनेकांना त्याची खोल लाज वाटली, आणि गावातले संग्रहालय चालवणारी मंडळी तेव्हापासून शाळकरी मुलांवर अधिकच कष्ट घेतात.

कबरस्तानातून परतताना फाटकाशेजारच्या घरात एक वृद्ध बाई फुलझाडांना पाणी घालीत होत्या. पुण्याला शिकलेल्या माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मी पाणी मागितले. त्यांनी बाटली घेतली आणि बोलू लागल्या. त्या लग्न होऊन या घरात आल्या. त्यांच्या मुलांनी याच कमानीखाली चेंडू खेळून शाळेची वर्षे काढली. कमान कशाची, हे त्यांना सासरी कोणी सांगितले नव्हते. एकदा एक इटालियन कुटुंब आले, त्यातली एक बाई कमानीच्या दगडावर कपाळ टेकून रडू लागली, तेव्हा त्यांनी घरात येऊन नवऱ्याला विचारले. नवऱ्याने ताटावरून मान वर केली नाही. नंतर त्या स्वतः संग्रहालयात गेल्या आणि सगळे वाचून आल्या. तेव्हापासून मे महिना लागला की त्या अंगणातला नळ आणि फाटक दिवसभर उघडे ठेवतात, कारण येणारी माणसे म्हातारी असतात आणि स्थानकापासून चालत येतात.

बाटली माझ्या हातात देताना त्यांनी विचारले, “तुमचे कोणी होते का इथे?”

मी म्हणालो, “नाही. आमच्याकडचे कोणी नव्हते.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, मग बाटलीचे झाकण नीट बसले आहे की नाही ते एकदा पिळून पाहिले, आणि बोगद्याकडून येणारी उन्हातली वाट टाळायची असेल तर स्थानकाला जायला नदीकाठचा सावलीचा रस्ता कुठून फुटतो, ते हाताने दाखवले.